मल्टी-पिच क्लाइंबिंग म्हणजे काय? दोर, अँकर आणि बिलेची भाषा सोप्या शब्दांत



दिवाळीला गावी, बीडला गेलो होतो. माझा चुलत भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फराळ चालू असताना त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. एका शॉपिंग ॲपवरून त्याने नायलॉनचा ३० मीटर दोर मागवला होता. खाली लिहिलं होतं ‘५०० किलो लोड’, रेटिंग साडेचार स्टार.

"दादा, सौताड्याला कड्यावरून दोर लावून उतरू या का? रील बघितलीय, गाठ मारता येती मला."

सौताडा म्हणजे आमच्या पाटोदा तालुक्यातला विंचरणा नदीचा धबधबा. पाणी थेट खोल दरीत पडतं. तिथं काठावर उभं राहून खाली बघितलं तरी पोटात गोळा येतो. मी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर हा पठ्ठ्या माझ्याशिवाय, मित्रांना घेऊन गेला असता. म्हणून त्याला म्हटलं, "आधी मी काय शिकलो ते ऐक, मग ठरव."

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेल्या हिवाळ्यात एका अनुभवी गाइडकडून मल्टी-पिच क्लाइंबिंगचे बेसिक्स शिकलो. म्हणजे मी काही एक्स्पर्ट नाही, शिकाऊच आहे. पण त्यामागची सिस्टीम कशी चालते हे मला नीट कळलं. भावाला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतोय.

मल्टी-पिच म्हणजे नेमकं काय?

क्लाइंबिंगचा दोर साधारण ६० मीटरचा असतो. कडा २० मीटरचा असेल तर एका दमात चढून काम होतं. याला सिंगल-पिच म्हणतात. पण भिंत दोरापेक्षा उंच असेल तर? मग चढाईचे टप्पे पाडावे लागतात. एका टप्प्याला पिच म्हणतात आणि असे अनेक टप्पे असले की ती झाली मल्टी-पिच चढाई.

आपल्या महाराष्ट्रात याची उदाहरणं भरपूर आहेत. रायगडाच्या शेजारचा लिंगाणा आणि खंडाळ्याची नागफणी, म्हणजे ड्यूक्स नोज, ही नावं तुम्ही ऐकली असतील. मी शिकलो ते तैलबैल्यावर. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात, लोणावळ्याच्या बाजूने गेलं की दोन सरळ उभ्या कातळभिंती दिसतात आणि त्यांच्या मध्ये खिंड. भिंतीची उंची साधारण अडीचशे फूट, म्हणजे ७५ मीटरच्या आसपास. ६० मीटरच्या दोराने एका दमात वर जाता येत नाही, हे गणित इथंच कळतं.

आणि दोर पुरला तरी टप्पे पाडण्याची अजून दोन कारणं असतात. दोर जितका लांब आणि वाकडातिकडा जाईल तितका तो खडकावर घासून जड होतो. आणि वरच्याचा आवाज खालच्याला ऐकू येत नाही. हे दुसरं कारण लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती तिथंच झाली.

एका पिचमध्ये काय काय होतं?

१. पुढे चढणारा तो लीडर. त्याच्या हार्नेसला दोराचं टोक ‘फिगर ऑफ एट’ गाठीने बांधलेलं असतं.

२. खाली थांबलेला बिलेअर. त्याच्याकडे बिले डिव्हाइस असतं. लीडर चढेल तसा तो दोर सोडतो आणि लीडर पडला तर दोर अडवतो. या कामाला बिले देणं म्हणतात.

३. लीडर वर जाताना कातळात ठोकलेल्या बोल्टला क्विकड्रॉ अडकवतो आणि त्यातून दोर पुढे नेतो. या मधल्या पॉइंटला रनर म्हणतात. लीडर पडला तर शेवटच्या रनरवर लटकतो.

४. पिच संपली की लीडर स्वतःला अँकरला बांधून घेतो. ही झाली स्टेशनची जागा.

५. आता तो वरून बिले देतो आणि खालचा, म्हणजे सेकंड, रनर काढत काढत वर येतो.

६. दोघंही स्टेशनवर आले की पुढच्या पिचला हेच सगळं पहिल्यापासून.

सिंगल-पिचमध्ये बिलेअर जमिनीवर असतो. चुकलं तर निदान तो तरी सुरक्षित असतो. मल्टी-पिचमध्ये दोघंही हवेत, वीतभर कपारीवर उभे असतात आणि दोघांचाही जीव त्याच अँकरवर असतो. म्हणून आमच्या गाइड सरांनी पहिले दोन वीकेंड आम्हाला मोठ्या भिंतीजवळ नेलंच नाही. एका लहानशा कातळावर जमिनीपासून चार फुटांवर खोटं स्टेशन केलं आणि वरच्या सहा पायऱ्या आमच्याकडून घोटून घेतल्या.

दोर: ‘५०० किलो’ या आकड्याला भुलू नका

आता भावाच्या दोराकडे येऊ. ५०० किलो लिहिलंय, आपलं वजन ७०. मग अडचण काय?

अडचण अशी की तो आकडा हळूहळू टांगलेल्या वजनाचा असतो, झटक्याचा नाही. आमच्याकडे विहीर खोदणाऱ्या यारीवर काम केलेल्या माणसाला विचारा. मातीची बादली सावकाश वर येते तेव्हा दोराला काही होत नाही. तीच बादली दोन हात खाली सुटून झटक्यात अडकली की यारी हादरते.

क्लाइंबिंगमध्ये लीडरसाठी डायनॅमिक दोर वापरतात. तो मुद्दाम ताणला जाईल असाच बनवलेला असतो. यूआयएए ही गिर्यारोहणाची आंतरराष्ट्रीय संघटना १९३२ मध्ये स्थापन झाली. तिच्या आणि युरोपच्या मानकांनुसार सिंगल डायनॅमिक दोराची टेस्ट होते ती अशी:

- ८० किलो वजन नुसतं टांगलं तर दोर १० टक्क्यांपेक्षा जास्त ताणू नये.
- तेच वजन जोरात पाडलं तर पहिल्या झटक्यात ४० टक्क्यांपेक्षा जास्त ताणू नये.
- त्या झटक्याचं बल १२ किलोन्यूटनच्या वर जाऊ नये.
- असे किमान ५ फॉल दोराने सोसले पाहिजेत.

१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजनाइतकं बल. कॅराबिनरवरही असेच आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने, गेट बंद असताना किमान २० किलोन्यूटन. पण गेट उघडं राहिलं तर मानकाची अपेक्षा फक्त ७ वर येते. म्हणजे स्क्रू फिरवून लॉक करायला विसरलात आणि गेट उघडलं, तर ताकद जवळपास एक तृतीयांश. म्हणून सर प्रत्येक वेळी कॅराबिनर नुसता बघत नसत, बोटांनी दाबून बघत.

कमी ताणणारा स्टॅटिक दोरही असतो. तो उतरायला, बचावकार्याला चालतो. लीड चढताना मात्र त्याच्यावर पडणं धोक्याचं, कारण सगळा झटका तुमच्या कमरेला आणि अँकरला बसतो. आणि भावाने मागवलेला दोर? तो ना डायनॅमिक ना सर्टिफाइड स्टॅटिक. तो ताडपत्री बांधायचा दोर.

फॉल फॅक्टर: एक साधा भागाकार

मला हे सगळ्यात जास्त आवडलं, कारण यात पाचवीचं गणित आहे.

फॉल फॅक्टर = किती मीटर पडलात ÷ बाहेर किती मीटर दोर आहे

उदाहरण १: लीडर २० मीटर चढलाय, शेवटचा रनर त्याच्या २ मीटर खाली आहे. तो पडला तर २ मीटर रनरपर्यंत आणि २ मीटर रनरच्या खाली, असा ४ मीटर पडतो. बाहेर दोर २० मीटर. ४ ÷ २० = ०.२.

उदाहरण २: लीडर स्टेशनवरून निघाला, २ मीटर वर गेला, अजून एकही रनर लावला नाही. पडला तर २ मीटर स्टेशनपर्यंत आणि २ मीटर स्टेशनच्या खाली, म्हणजे पुन्हा ४ मीटरच. पण बाहेर दोर फक्त २ मीटर. ४ ÷ २ = २.

पडणं दोन्हीकडे ४ मीटरच, पण फॅक्टर दहापट. पहिल्या उदाहरणात झटका पचवायला २० मीटर दोर आहे, दुसऱ्यात फक्त दोन मीटर. जमिनीवरून निघताना फॅक्टर २ होत नाही, कारण त्याआधी जमीन लागते. स्टेशन हवेत असतं तेव्हाच तो होतो. म्हणून मल्टी-पिचचा नियम असा की स्टेशन सोडल्यावर पहिला रनर शक्य तितक्या लवकर लावायचा.

अँकर: दोन बोल्ट कशासाठी?

सर्व्हरवर काम करणाऱ्यांना ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ माहीत असतो. एक गोष्ट बंद पडली की सगळंच बंद. स्टेशनवर तसं चालत नाही, म्हणून किमान दोन मजबूत पॉइंट घेतात. एक निघाला तरी दुसरा धरतो.

पण दोन पॉइंट जोडायचे कसे, यातही गंमत आहे. दोघांनी मिळून पाण्याने भरलेली बादली उचलून बघा. दोघं जवळ उभे असतील तर ओझं अर्धं अर्धं. एकमेकांपासून लांब सरकलात की हात आडवे होतात आणि तीच बादली दुप्पट जड लागते. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको! अँकरमध्येही तसंच. स्लिंगच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक बोल्टवर साधारण ५८ टक्के भार येतो. ९० अंशाला ७१ टक्के. १२० अंशाला प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के! म्हणजे दोन बोल्ट असून वाटणीचा फायदा शून्य. म्हणून कोन ६० अंशाच्या आत ठेवायचा.

आपल्याकडे अजून एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे खडक. सह्याद्री काय किंवा आपला बालाघाट काय, दोन्हीकडे दख्खनचा बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. काही थर पोलादासारखे टणक, तर काही मुरमाड, हातात निघून येणारे. त्यात दरवर्षीचा पाऊस, त्यामुळे जुने बोल्ट आणि पिटॉन गंजतात. सर बोल्टच्या आजूबाजूचा कातळ ठोकून आवाज ऐकायचे. पोकळ, भदभद आवाज आला की त्यावर भरवसा ठेवायचा नाही. हा आवाज मला यूट्यूबवर शिकता आला नसता.

बिलेची भाषा आणि माझी चूक

लीडर वर पोहोचला की बोलणं असं होतं:

- लीडर (अँकरला बांधून घेतल्यावर): "ऑफ बिले!"
- बिलेअर (डिव्हाइसमधून दोर काढल्यावर): "बिले ऑफ!"
- लीडर उरलेला दोर वर ओढतो. दोर ताणला की खालचा सांगतो: "टाईट!"
- लीडर (बिले लावल्यावर): "ऑन बिले!"
- सेकंड: "क्लाइंबिंग!"
- लीडर: "क्लाइंब!"

व्हॉट्सॲपची टिक आठवा. एक टिक म्हणजे मेसेज गेला. दोन टिक म्हणजे पोहोचला. निळी झाली म्हणजे वाचला. नुसतं ओरडणं ही एक टिक आहे. समोरच्याने उलट उत्तर दिलं की ती निळी. इंटरनेटवर दोन कॉम्प्युटर बोलायला लागतात तेव्हाही आधी एकमेकांना ‘मिळालं का?’, ‘मिळालं’ असं विचारून घेतात. सरांनी यात अजून एक नियम घातला होता: कमांडच्या आधी नाव. कारण शेजारच्या रूटवरही कोणीतरी ‘ऑफ बिले’ ओरडत असतं.

आता चूक. तैलबैल्याची दुसरी पिच. सर लीड करत होते, बिले माझ्याकडे होता आणि बॅकअप म्हणून माझ्या मागे मित्राने दोर धरला होता. सर वर एका कडेच्या पलीकडे दिसेनासे झाले. वारा सुटला होता. दोर बराच वेळ हलला नाही. मग वरून काहीतरी आलं, त्यातलं मला एवढंच कळलं: "...बिले!"

मला वाटलं झालं, सर पोहोचले. माझा हात डिव्हाइसच्या कॅराबिनरवर गेला आणि मी स्क्रू फिरवायला लागलो. मागून मित्र म्हणाला, "तुझं नाव ऐकलंस का?"

नव्हतं ऐकलं.

"मग थांब की."

मी स्क्रू परत बंद केला. दोन मिनिटं गेली. मग दोर पुन्हा सरकायला लागला, सावकाश, एका वेळी हातभर. म्हणजे सर अजून चढत होते! वर गेल्यावर विचारलं तेव्हा कळलं, अवघड जागा आली म्हणून ते ओरडले होते: "बिले बघ!" म्हणजे ‘लक्ष ठेव, आता मी पडू शकतो’. आणि नेमक्या त्याच वेळी मी बिले काढायला निघालो होतो.

सर माझ्यावर चिडले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "काय ऐकलं ते सांगू नकोस. काय ऐकायला पाहिजे होतं ते सांग." मी सांगितलं: माझं नाव, मग ‘ऑफ बिले’. "यातलं एक जरी कमी असेल तर?" "तर बिले चालूच."

या सगळ्यात मला कळलेली मुख्य गोष्ट हीच. हातात किती ताकद आहे यावर इथं जीव टिकत नाही. दोघांनी एकमेकांचं काम तपासलं, तरच टिकतो. मला आठ वेगवेगळ्या गाठी येत होत्या, पण त्या दिवशी माझ्या मित्राचा एक साधा प्रश्न कामाला आला. शंका असेल तर बिले चालू ठेवायचा, दोर देत राहायचा. आवाज पोहोचणार नसेल तर दोराला किती झटके म्हणजे काय, हे निघण्याआधीच ठरवायचं. वॉकी-टॉकी असेल तर उत्तमच.

उतरणं सोपं नसतं

चढलो म्हणजे संपलं असं वाटतं, पण रॅपलिंग अजून बाकी असतं. दोर परत मिळवायचा म्हणून तो अँकरमधून दुहेरी सोडतात. म्हणजे ६० मीटरच्या दोराने एका वेळी फक्त ३० मीटर उतरता येतं. दोराची टोकं मोकळी असतील तर माणूस उतरता उतरता दोराबाहेर जाऊ शकतो, म्हणून दोन्ही टोकांना गाठ. हात सुटला तरी थांबावं म्हणून डिसेंडरसोबत प्रुसिक दोरीचा बॅकअप.

अनुभव असला की धोका संपतो असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या वेळी ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. आयुष्य डोंगरात घालवलेल्या माणसाच्या बाबतीत असं होऊ शकतं, तर आपण रील बघून उतरायला निघावं का, याचा विचार करा.

मोबाईलचं काय करायचं?

- फोन चेनच्या खिशात किंवा दोरीला बांधून ठेवा. ५० मीटरवरून पडलेला फोन खालच्यासाठी दगडच असतो.
- नकाशा आधीच ऑफलाइन डाउनलोड करा. उंच भिंतीला चिकटून असताना अर्धं आकाश झाकलं जातं आणि सॅटेलाइटचे सिग्नल कातळावर आपटून येतात, म्हणून लोकेशनचा निळा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. त्यावर पूर्ण विसंबू नका.
- नेटवर्क शोधण्यात बॅटरी जाते. रेंज नसेल तिथं एअरप्लेन मोड लावा.
- आणीबाणीला ११२ लावा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून हा कॉल लागू शकतो. कोणतंच नेटवर्क नसेल तर मात्र नाही. म्हणून कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी सांगून जा.
- फोनचा टॉर्च चालत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून हेडटॉर्च.
- बिले देताना फोन बंद. एकही फोटो नाही.

गाइड कसा निवडायचा?

फॉलोअर्स बघू नका, हे प्रश्न विचारा:

१. तुमचं प्रशिक्षण कुठे झालं? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट अशा संस्थांत बेसिक, ॲडव्हान्स आणि पुढे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स असतो.

२. नोंदणी आहे का? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे.

३. एका गाइडमागे किती जण? आम्ही दोघंच होतो. पंधरा जणांची बॅच असेल तर ते शिकणं नाही, नुसता फेरफटका.

४. दोर किती जुना आहे, किती फॉल झालेत? चांगला गाइड वहीत बघून सांगतो.

५. काही झालं तर खाली आणायचा प्लॅन काय?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘आज नको, परत जाऊ’ म्हणणारा गाइड निवडा. आमची एक तारीख कड्यावर आग्या मोहोळ दिसलं म्हणून रद्द झाली होती. तेव्हा राग आला होता, आता नाही येत.

मग सौताड्याचं काय झालं?

भावाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे दोराचे पैसे गेले?"

म्हटलं, गेले नाहीत. त्याच दोरावर अंगणात बसून दोन दिवस आम्ही फिगर ऑफ एट आणि क्लोव्ह हिच बांधली. मग मी खिडकीच्या गजाला खोटं स्टेशन केलं, त्याला गच्चीवर पाठवलं आणि वरून कमांड द्यायला लावल्या. खाली मुद्दाम मिक्सर चालू ठेवला. तिसऱ्या वेळेला तो वरून ओरडला आणि मी उत्तरच दिलं नाही. तो पुढे गेला नाही, थांबून राहिला. म्हटलं, आता तू शिकायला तयार आहेस.

हिवाळा संपायच्या आत त्याला त्याच सरांकडे नेणार आहे. तोपर्यंत सौताडा काठावरूनच, कठड्याच्या अलीकडून बघायचा असं ठरलंय. दोर सध्या काकांनी ट्रॅक्टरच्या ताडपत्रीला बांधलाय.

तुमच्याही ग्रुपमध्ये कोणी ऑनलाइन दोर मागवला असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा. आणि त्याने वाचला का, हे फोन करून विचारा. निळ्या टिकवर विसंबू नका!